टीव्हीतलं कोर्ट आणि सुंदराबाई

ती कोर्टाची जुनी मालिका आता मोबाईलवर सापडते. माझ्या नातीनं, प्रतीक्षानं, ती शोधून दिली. मी मोबाईल घेऊन थेट सुंदराबाईच्या घरी गेलो. त्या मालिकेवर तिच्याएवढी मेहनत आमच्या धामणगावात दुसऱ्या कोणी घेतली नव्हती.

सुंदराबाई लसूण सोलत बसली होती. मी मोबाईल तांब्याला टेकवून उभा केला. काळ्या कोटातल्या ठेंगण्या वकिलानं सायकल कोर्टाच्या भिंतीला लावली आणि आत आला. तिनं लसणाचं सूप बाजूला सारलं, चष्मा पुसला आणि मांडी घातली. अर्धा भाग होईपर्यंत एक शब्द बोलली नाही. मग म्हणाली, "किसनभाऊ, वरतं पंखा गरगर फिरून राह्यला, पन टेबलावरचा एक कागद उडत नाही. हे मले तवा दिसलं नव्हतं."

"तवा टीव्ही लहान होता," मी म्हणालो.

"टीव्ही बराबर होता. तुमचं डोकं मंधात येत होतं."

वस्तीतले लोक तिला वकिलीणबाई म्हणतात. का म्हणतात, हे आताच्या पोरांना माहीत नाही. त्यांना वाटतं, तोंडाळ असेल म्हणून. ती तोंडाळ नाही. म्हणून लिहितो.

मी जिनमध्ये प्रेसवर होतो. रुई दाबायची आणि गाठी बांधायच्या. सुंदराबाई जिनघरात मशीनवर. ज्यांनी जिन पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. शेतातून आलेल्या कापसात सरकी असते. जिनघरात मशीन रांगेनं उभ्या असतात आणि प्रत्येक मशीनपुढे एक बाई. तिनं टोपल्यातला कापूस मशीनवर टाकत राहायचं. सरकी खाली पडते, रुई पुढे निघते. ऐकायला सोपं आहे. कापूस जास्त पडला की मशीन गुदमरते, कमी पडला की रिकामी फिरते. शिवाय कापसात काय येईल सांगता येत नाही. पाला येतो, पुडीचा कागद येतो, खिळा येतो, गोटा येतो. पाल्यानं रुई खराब होते. गोट्यानं किंवा खिळ्यानं ठिणगी उडते, आणि रुईला एक ठिणगी पुरते. म्हणून टाकणारीची बोटं टाकता टाकता कापूस चाचपत राहतात. खरी मजुरी तीच. बाकी नुसतं उभं राहणं आहे.

सुंदराबाई मशीनवर असताना बोलत नसे, गात नसे. पायाशी एक डबा ठेवायची. सापडलेले गोटे, खिळे त्यात पडायचे. पाळी सुटली की तो डबा मुकादम सूर्यभानसमोर उलटा करायची. "घ्या, तुमच्या मालकाचं सोनं." सूर्यभान हसायचा आणि दुसऱ्या बायांना म्हणायचा, "हे पाहा. हिच्या हातून गोटा जात नाही." सगळी जिन तेच म्हणायची. नवरा लवकर गेला होता. घर तिच्या हातांवर चालत होतं, आणि त्या हातांना नाव होतं.

मालिका सुरू झाली तेव्हा आमच्या वस्तीच्या विहारात नवा टीव्ही आला होता. रविवारी सकाळी सगळे जमायचे. बाया हाताला काम घेऊन यायच्या. कोणी मेथी निवडायची, कोणी गोधडीला टाके घालायची. सुंदराबाई रिकाम्या हातानं यायची.

पार्वताबाई तिच्या शेजारच्या मशीनवरची. तिनं एकदा टोमणा मारला, "काय वो, हात घरी ठेवून आली काय?"

"दोन कामं एका टायमाले होत नाही," सुंदराबाई म्हणाली. "तू मेथी बी खराब निवडते अन् साक्ष बी हुकवते."

दर रविवारी नवा खटला असायचा. समोरचा वकील ओरडायचा, टेबलावर मूठ आपटायचा. हा ठेंगणा वकील आवाज चढवत नसे. साक्षीदाराच्या जवळ जाऊन लहान लहान विचारायचा. कुठं उभा होतास. उजेड कोणत्या बाजूनं होता. दार उघडं होतं की लोटलेलं. आम्ही सगळे वकिलावर खूश होतो. सुंदराबाईची नजर मात्र साक्षीदारावर असायची.

"हा आठवून नाही राह्यला," ती मध्येच म्हणायची. "हा पाठ केलेलं म्हनून राह्यला. आठवनारा थांबत थांबत बोलते. आठवनं बी कामच हाय ना बाप्पा. घाम येते त्याले."

खोटा कोण, हे ती शेवटच्या आधी सांगायची. पुष्कळदा बरोबर निघायचं. चुकलं तर पुढच्या रविवारपर्यंत तिला चैन नसे. कुठं हुकलं ते शोधून काढायची आणि न विचारता आम्हांला सांगायची.

त्या मालिकेतल्या दोन गोष्टी तिनं पदराला गाठ मारून ठेवल्या. एक म्हणजे, साक्षीदार जास्त बोलायला लागला की जज त्याला अडवायचा. विचारलं तेवढंच सांगायचं. दुसरी म्हणजे, कोर्टाच्या बाहेर आधी कोणाशी बोललेला साक्षीदार पढवलेला ठरायचा आणि त्याच्या शब्दाला काही किंमत राहत नसे. या दोन गोष्टींवर तिचा इतका विश्वास बसला, की पुढे त्याची झळ दुसऱ्याच माणसाला लागली. ते सांगतोच.

मालिका चालू होती तेव्हाच जिनच्या आवारात आमचं कोर्ट सुरू झालं. जेवणाच्या सुट्टीत, कडुनिंबाखाली. साक्षीदारासाठी एक उलटं खोकं. प्रश्न विचारायला सुंदराबाई. खटले असेच. पार्वताबाईच्या डब्यातला ठेचा संपला, कोणी संपवला?

बेबीताई नावाची एक बाई खोक्यावर चढली.

"डबा कोनं उघडला?"

"मले वाटते रखमीनं."

"वाटलेलं घरी ठेव. डोळ्यानं पाह्यलं काय?"

"नाही."

"मंग उतर खाली. कोर्टाचा टाइम खाऊ नको. ठेचा तं खाल्लाच कोनीतरी."

हसून हसून भाकरी घशात अडकायची. सूर्यभान मुकादमसुद्धा चहाचा कप घेऊन येऊन उभा राहायचा.

फिटर देवीदासला हे पटत नसे. देवीदास चांगला कारागीर होता. मशीनच्या आवाजावरून बिघाड सांगायचा. पण त्याला लोकांनी दुसऱ्याभोवती जमलेलं आवडत नसे. एक दिवस तो मोठ्यानं म्हणाला, "टीव्ही पाहून कोनी वकील होते काय बे? मी तं रोज रेल्वे पाहतो. मले स्टेशन मास्तर करा!"

सगळे हसले. सुंदराबाईही हसली. म्हणाली, "चढ खोक्यावर, स्टेशन मास्तर."

तो चढला. छाती काढून उभा राहिला.

"नाव सांग."

"तुले माहीत नाही काय?"

"मले माहीत हाय. कोर्टाले माहीत नाही."

"देवीदास. फिटर."

"जेवन झाल्यावर कुठी गेला होता?"

"प्रेसच्या मांगं."

"काहून?"

"लघवीले. आता तेबी विचारशीन काय?"

खूप हशा झाला. सुंदराबाई हसली नाही. ती त्या वकिलासारखी जवळ गेली होती.

"तिकडं पानी हाय काय?"

"नाही."

"मंग हात कुठी धुतले?"

"नाही धुतले."

"उजवा हात दाखव."

त्यानं नाटकी करून हात तिच्या नाकापुढे धरला. ती बोलून गेली, "बिडी."

हशा थांबला. मुकादम तिथंच उभा होता. जिनच्या आवारात बिडी ओढणं यापेक्षा मोठा गुन्हा आमच्याकडे नव्हता. प्रेसच्या मागं तर रुईच असायची. सूर्यभाननं त्याच दिवशी देवीदासला घरी बसवलं. काही दिवसांनी परत घेतलं, पण सगळ्या जिनसमोर झाडून.

सुंदराबाई त्याला भेटायला गेली होती. "देवीदासभाऊ, खेळ होता तो."

"तुह्यासाठी खेळ," तो म्हणाला, आणि दुसरीकडे पाहू लागला. त्यानंतर तो तिच्याशी बोलला नाही. तिच्या मशीनचं काम निघालं तरी मुकादमशी बोलायचा. कडुनिंबाखालचं कोर्ट तिनं स्वतःच बंद केलं. पुढे मालिकाही संपली. त्या दिवसानंतर देवीदासनं फाटकाच्या आत बिडी ओढलेली मी कधी पाहिली नाही. बाहेर टपरीवर ओढायचा. पण एकदा नाव पडलं ते पडलं.

बरीच वर्षं गेली. आमचे केस पिकले. एका हिवाळ्यात, सीझन ऐन भरात असताना, दुपारच्या पाळीत जिनघराला आग लागली.

रुईची आग आधी ज्वाळेनं येत नाही. पिवळट धूर येतो, आणि मग एकदम सगळं पेटतं. आम्ही प्रेसवरून बादल्या घेऊन धावलो. बाया बाहेर पडल्या होत्या. कुंदन नावाचा हमाल रुईचं ओझं पाठीवर घेऊन मधल्या वाटेत होता. त्याला बाहेर ओढलं तेव्हा पाठ आणि दोन्ही हात भाजले होते. अमरावतीच्या दवाखान्यात तो वाचला, पण त्याचा उजवा हात पुन्हा सरळ झाला नाही.

आग कशी लागली, हे कोणी पाहिलं नव्हतं. सगळ्यांनी एकच नाव घेतलं. देवीदासनं बिडी ओढली असेल. जो तो म्हणाला, असेल. एकानंही पाहिलं असं म्हटलं नाही. पोलीस आले, बायांना विचारून गेले आणि देवीदासवर हयगयीचा गुन्हा दाखल झाला. मालकानं त्याला काढून टाकलं. मशीनच्या आवाजावरून बिघाड ओळखणारा माणूस स्टेशनच्या रस्त्यावर सायकलींचे पंक्चर काढायला बसला. त्याची बायको माणिकबाई भावाच्या मळ्यातला भाजीपाला आणून बाजारात विकू लागली.

जिनघर दुरुस्त होऊन पुन्हा सुरू झालं. खटला तारखांवर चालू राहिला. साक्षीदारांच्या यादीत मी होतो, सुंदराबाई होती. आम्ही अमरावतीला जायचो, बसायचो आणि परत यायचो. दर वेळी ती स्वच्छ पांढरं लुगडं नेसून यायची. तिला वाटायचं, आज विचारतील.

एकदा बाजारात मी तिच्यासोबत होतो. माणिकबाईच्या वांग्यांपुढून ती खाली मान घालून निघाली होती. माणिकबाईनं हाक मारली.

"काय वो वकिलीणबाई! वांगे घ्या ना. का माह्या मालकाले जेल झाल्यावर घेसान?"

सुंदराबाई थांबली.

"तुमी कोर्टात बिडीचा वास घेऊन जासान ना? घेऊन जा. पुडीत बांधून देतो!"

आजूबाजूच्या बाया हसल्या. सुंदराबाईनं वांगी घेतली नाहीत, उलट उत्तरही दिलं नाही. चौकापर्यंत तशीच चालत राहिली. असल्या टोमण्याला चार टोमणे परत देणारी बाई गप्प राहिली, हे मला खटकलं.

त्याचं कारण मला पुढच्या तारखेला कळलं. धामणगावहून अमरावतीसाठी बडनेऱ्याला जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये आम्ही समोरासमोर बसलो होतो. त्या दिवशी साक्षी होणार असा निरोप होता. पुलगावची गर्दी उतरली नव्हती. ती पुढे वाकून म्हणाली, "किसनभाऊ, आग माह्या मशीनवर लागली."

मी कान जवळ नेला.

"टन् करून आवाज झाला. मी हात थांबवला. वाकून पाह्यलं. काही दिसलं नाही. मशीन बंद कराले हाक माराले पाह्यजे होती. नाही मारली. पुन्हा टाकाले लागली. मंग माह्याच मशीनपुढच्या रुईतून धूर निघाला."

"हे पोलिसाले सांगतलं काय?"

"त्यानं विचारलं, देवीदास बिडी ओढते काय? म्हटलं, ओढते. आज वास आला काय? म्हटलं, सकाळी फाटकाबाहेर आला. तो म्हने, झालं, जा."

"मंग तूच काहून नाही सांगतलं?"

"विचारल्याबिगर साक्षीदार बोलते काय?"

"अवो, ते पोलीस होते. कोर्ट नव्हतं."

"म्हनून तं थांबली. कोर्टात विचारतीनच. वकील कायले असते मंग?"

मी डोक्याला हात लावला. तिला म्हणालो, देवीदासच्या वकिलाला आज कोर्टाच्या फाटकावरच गाठू आणि हे सगळं सांगू. तिनं जोरात मान हलवली.

"फाटकावर बोलली का मी पढवलेली झाली. मंग माह्या बोलन्याले कोन पुसते?"

"हे टीव्ही नाही, सुंदराबाई."

"टीव्ही नसन. कोर्ट तं हाय ना?"

मी विचारलं, भीती वाटत नाही का? ती खिडकीबाहेर पाहत राहिली. चांदूर गेलं. मग म्हणाली, "वाटते ना. माह्या हातून गोटा जात नाही हे सारी जिन म्हनते. ते आपल्याच तोंडानं मोडाचं. अन् मंग सूर्यभान मले मशीनवर उभी करन काय? दुसरं काय येते मले?"

एवढं तिनं बोलून घेतलं आणि पदर डोक्यावर ओढून बसली.

कोर्टाची खोली लहान होती. टीव्हीतल्यासारखा नक्षीचा पिंजरा नव्हता. एक लाकडी कठडा होता, त्याचा वरचा भाग हातांनी गुळगुळीत झालेला. पंखा चालू होता आणि सगळ्या कागदांवर काहीतरी जड ठेवलेलं होतं. माझी साक्ष आधी झाली. मी प्रेसवर होतो, धूर पाहिला, धावलो. मग मी मागच्या बाकावर बसलो आणि सुंदराबाईला बोलावलं.

शपथेचं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मी बौद्ध हाय. खरं सांगीन, असं कबूल करतो." तसं लिहून घेतलं. कोणी हसलं नाही.

सरकारी वकिलानं विचारलं, देवीदास बिडी ओढायचा का? हो. आगीच्या दिवशी वास आला होता का? सकाळी, फाटकाबाहेर. तो खाली बसला.

देवीदासची वकील एक तरुण बाई होती. नेमकं बोलणारी. तिनं विचारलं, आग लागली तेव्हा देवीदासच्या हातात बिडी पाहिली का? नाही. तो जिनघरात दिसला का? नाही. तिला तेवढंच हवं होतं, आणि तिच्या जागी कोणीही तेवढ्यावरच थांबलं असतं. आणखी विचारून मिळालेलं घालवण्यात अर्थ नव्हता. तीही खाली बसली.

जज म्हणाले, "झालं बाई. तिकडे सही करा."

सुंदराबाई हलली नाही. दोन्ही हात कठड्यावर होते. मला तिची बोटं दिसत होती. कापूस चाचपताना चालायची तशी ती लाकडावर चालत होती. पट्टेवाला पुढे आला. "बाई, चला."

"साहेब," ती म्हणाली, "आग कुठून लागली, हे विचाराचं राह्यलं."

"कोणाला विचारायचं राहिलं?"

"मले."

दोन्ही वकील उभे राहिले. जजनी हात वर करून दोघांना बसवलं. ते तिच्याकडे पाहत म्हणाले, "बाई, तुम्ही जे सांगाल ते तुमच्याही अंगावर येऊ शकतं. समजून बोला."

"समजून राह्यली साहेब. लय दिवसांपासून समजून राह्यली."

मग तिनं सांगितलं. थांबत थांबत. आवाज कोणत्या बाजूनं झाला, तिचा कोणता हात टोपल्यात होता, ती किती वाकली, पुन्हा टाकायला कधी लागली, धूर पहिला कुठं दिसला. मध्ये एकदा ती गप्प झाली. सगळे वाट पाहत राहिले. "आठवू द्या," ती म्हणाली. तिच्या कपाळावर घाम होता. हिवाळ्याचे दिवस होते.

जज ऐकून टायपिस्टला सांगत होते. त्यांनी सांगितलं की साक्षीदाराच्या मशीनमध्ये गोटा गेला.

"तसं नाही साहेब. गोटा मी नाही पाह्यला. आवाज ऐकला. आवाज ऐकला असंच लिवा."

जजनी मान हलवली आणि वाक्य बदलायला सांगितलं. आपल्यावर दोष घेतानाही तिनं तो ऐकल्यापेक्षा गुंजभर जास्त घेतला नाही आणि कमीही घेतला नाही. मी आयुष्यभर गाठी बांधल्या. दाब किती द्यायचा ते मला कळतं. त्या दिवशी तिनं दिलेला दाब बरोबर होता.

बाहेर पायऱ्यांवर देवीदास उभा होता. मला वाटलं, हात जोडेल. त्यानं हात जोडले नाहीत.

"सुंदरा," तो म्हणाला, "मी पंक्चर काढून राह्यलो. माही बायको लोकाइच्या शिव्या खाऊन राह्यली. अन् तुले हे सारं माहीत होतं?"

"हो."

"मंग थांबली कायले?"

"कोनी विचारलं नाही."

"काय?"

"टीव्हीत तसंच होतं," ती म्हणाली. मग लगेच म्हणाली, "चुकलं माह्यं, देवीदासभाऊ."

त्यानं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. तो ओरडेल असं वाटलं, हसेल असंही वाटलं. तो पायऱ्या उतरून गेला. त्याचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. तिनं आधी बोलायला पाहिजे होतं. पण ज्या ठिकाणी बोलायला सगळ्यात जड होतं त्या ठिकाणी ती बोलली, आणि तेही सुटका झाल्यावर, "जा" म्हटल्यावर. पायऱ्या उतरायला तिला माझा हात लागला.

देवीदास निर्दोष सुटला. सुंदराबाईवर गुन्हा झाला नाही. पण सूर्यभाननं तिला मशीनवरून काढलं.

"बाई, तुमीच भर कोर्टात सांगतलं," तो म्हणाला. त्यालाही ते बोलणं सोपं जात नव्हतं. "आता मी तुमाले मशीन कशी देऊ? उद्या काही झालं तं लोक माही गचांडी धरतीन."

"बराबर हाय तुमचं," ती म्हणाली.

तिला आवार झाडायचं काम मिळालं. सीझन संपेपर्यंत ती झाडत राहिली. ज्या बाया तिच्याकडून टाकायला शिकल्या होत्या त्या तिच्या शेजारून मशीनकडे जायच्या. झाडणंही तिनं हलकं केलं नाही. गाड्या रिकाम्या झाल्या की जमिनीवरचा कापूस वेचून, झटकून पुन्हा ढिगावर टाकायची. पण जिनघर सुरू झालं की तिचा झाडू क्षणभर थांबायचा. ती मशीनचा आवाज ऐकायची.

पुढच्या सीझनला मालकानं देवीदासला परत बोलावलं. नव्या फिटरच्या हातात मशीन टिकत नव्हत्या. मुहूर्ताच्या दिवशी नारळ फुटला, साखर वाटली गेली, आणि सूर्यभान एकेका बाईला मशीन देऊ लागला. मी प्रेसच्या दारात उभा होतो. सुंदराबाई झाडू घेऊन बाहेरच्या बाजूला. मधल्या रांगेतल्या एका मशीनवर सूर्यभाननं एका नव्या पोरीचं नाव घेतलं. देवीदास त्या मशीनखाली पाना घेऊन बसला होता. तो न उठताच म्हणाला, "इथं सुंदराबाई पाह्यजे."



"काहून बावा?" सूर्यभान म्हणाला. "तुह्यावरच तं बेतलं होतं."

"म्हनूनच." देवीदास बाहेर आला. हात फडक्याला पुसले. "गोटे साऱ्याइच्या हातून जाते. मशीन मी खोलतो. आतल्या चाकूवर गोट्यानं पडलेले खड्डे मले दिसते. ह्या रांगेत एक मशीन बिना खड्ड्याची नाही. आजपावतो एक बाई येऊन मले म्हनली नाही, का भाऊ, इथं आवाज झाला, पाहा. एकीनं सांगतलं. ते बी कोर्टात, ते बी उशिरा. पन सांगतलं. आता जरा आवाज झाला का हीच हाक मारन. बाकीच्या चूप राहतीन. मले हाक मारनारी पाह्यजे."

पार्वताबाई खाली पाहू लागली. आणखी दोघीतिघीही.

"अन् काही झालं तं?" सूर्यभाननं विचारलं.

"मशीन माही हाय. मी पाहतो."

सूर्यभान सुंदराबाईकडे वळला. तिनं झाडू भिंतीला लावला, पदर कमरेला खोचला आणि मशीनपुढे येऊन उभी राहिली. देवीदास बाजूला झाला. कोर्टाच्या पायऱ्यांनंतर तो पहिल्यांदाच तिच्याशी बोलला.

"आवाज झाला तं थांबजो. कोनी विचारन म्हनून उभी नको राहू."

"नाही राहत," ती म्हणाली.

पट्टा चढला, मशीन सुरू झाली. त्या सीझनमध्ये "बंद!" अशी तिची हाक दिवसातून कितीतरी वेळा जिनघरातून प्रेसपर्यंत यायची. देवीदास हातातलं काम टाकून यायचा, मशीन खोलायचा, आत हात घालून पाहायचा. कधी खिळा निघायचा, कधी गोटा. बहुतेक वेळा काहीच निघत नसे. तो मशीन लावायचा आणि परत जायचा. उगाच बोलावलंस, असं तो तिला एकदाही म्हणाला नाही.